दुखणं गप्प करायचं मशीन

दापोडीतल्या माझ्या दवाखान्याला लोक दवाखाना म्हणत नाहीत. "करंटवाल्या मॅडमकडे जाऊन येतो" असं म्हणतात. मी फिजिओथेरपी शिकले, अंगातल्या एकूण एक स्नायूचं नाव घोकलं, परीक्षेच्या आदल्या दिवशी ताप आला तरी घोकलं, आणि सगळ्याचं फळ म्हणून ओळख मिळाली ती करंटवाली. पूर्वी याचा राग यायचा. आता येत नाही. पुढचं वाचलंत तर तुम्हीही म्हणाल, बाईंनी ही पदवी कमावलेली आहे.

आधी मशीन काय असतं ते सांगते. गुडघा टेबलाच्या कोपऱ्यावर आपटला की आपण दोन गोष्टी करतो. शिवी देतो आणि चोळतो. शिवीचं मला ठाऊक नाही, पण चोळण्यामागे शास्त्र आहे. दुखण्याचा निरोप आणि स्पर्शाचा निरोप दोन्ही पाठीच्या कण्यातल्या एकाच दारातून मेंदूकडे जातात. चोळलं की स्पर्शाचे निरोप घोळक्याने दारात येऊन उभे राहतात आणि दुखण्याचा निरोप मागे अडकतो. माझं मशीन तेच करतं, फक्त हाताऐवजी विजेने. दुखऱ्या जागेच्या आजूबाजूला रबराच्या पट्ट्या जेल लावून बसवायच्या, बटण हळूहळू फिरवायचं, कातडीखाली मुंग्या आल्या की थांबायचं. मशीन चालू असेपर्यंत आणि नंतर काही वेळ बरं वाटतं. कुणाला बरंच, कुणाला थोडं, कुणाला काहीच नाही. आत जे बिघडलेलं असतं ते मात्र होतं तिथेच असतं. हे शेवटचं वाक्य मी प्रत्येक पेशंटला ऐकवते. एका ठिकाणी ऐकवायचं सोडून दिलं होतं, ते नंतर सांगते.

माझे सर्वांत निष्ठावान पेशंट म्हणजे सांगवीचे अण्णा. जुन्या गावातलं घराणं. जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या तशी अण्णांची कामं सुटली आणि कंबर धरली. पांढऱ्या मोठ्या गाडीतून उतरायचे, पालथे पडायचे आणि पट्ट्या लावायच्या आतच सुरू व्हायचे.

"डाक्टरीनबाई, वाढवा की जरा."

"अण्णा, मुंग्या आल्या ना? मग पुरे."

"मुंग्या तर बांधावर बसल्या बसल्या बी येत्यात, त्या बी फुकट. हितं पैशे दिल्यात. काय तरी हिसका बसाय पायजे का न्हाई?"

अण्णांसारखे पुष्कळ असतात. त्यांच्या मते औषध कडू असावं, इंजेक्शन दुखावं आणि करंट दातांपर्यंत जावा. सोसवलं नाही तरच गुण येतो, ही आमच्या भागातली पक्की समजूत. ती खोडून काढायला माझी निम्मी कारकीर्द गेली, आणि उरलेली निम्मी तिच्यावरच चालली.

आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते. अशाच एका गुरुवारी, थंडीच्या दिवसांत, पंखा बंदच होता. अण्णांना मशीन लावून मी बाहेर फोनवर बोलत बसले. आत आले तर मशीनचा दिवा विझलेला. लाइट कधी गेली कोण जाणे. अण्णा उठून बसले, कंबर डावी-उजवीकडे फिरवली आणि म्हणाले, "आजच्यावानी कदीच बसलं न्हाई बगा. अंग कसं कापसावानी झालंय. काय केलं आज?"

मी म्हणाले, "आज नवीन सेटिंग ठेवलं होतं, अण्णा."

पुढच्या आठवड्यापासून जुन्या सांगवीतली माणसं 'गुरुवारचं सेटिंग' मागायला येऊ लागली. मी नाही म्हटलं नाही. घटकाभर कुणी गाडी काढायला सांगत नाही, कुणी सहीला कागद पुढे करत नाही, माणूस गुपचूप पालथा पडून राहतो, यानेच अर्धी कंबर सुटते. पण ते पाटीवर लिहिता येत नाही. थोडक्यात, खोटं किती सहज बोलता येतं आणि समोरचा किती खूश होतो हे मी अण्णांच्या कंबरेवर शिकले. त्यात कुणाचं नुकसान झालं नाही. शिकवणी मात्र झाली.

चाकणची कंपनी त्यानंतरची. नाव लिहीत नाही. गाडीच्या सीटखालचा लोखंडी सांगाडा तिथे बनतो, एवढं पुरे. तिथले एचआरचे सबनीससाहेब पाठ घेऊन माझ्याकडे आले आणि पाठीबरोबर प्रस्तावही घेऊन आले.

"मॅडम, आम्हाला आमच्या माणसांची फार काळजी आहे."

हे वाक्य हल्ली ऐकलं की मी खुर्ची थोडी मागे सरकवते. तेव्हा पुढे सरकवली होती.

"एक माणूस दुखतंय म्हणून उठला की लाईन थांबते," ते म्हणाले. "तुम्ही आठवड्यातून तीन दिवस या. जागच्या जागी बरं करा."

कंपनीच्या गेटवर भला मोठा फलक होता. अपघाताशिवाय किती दिवस गेले त्याचा आकडा त्यावर रोज बदलायचा. रक्त निघालं, हाड मोडलं तर अपघात. मान आखडली, पाठ धरली, खांदा वर जाईना, हे त्या हिशोबात अपघात नव्हते. ती नाजूक तब्येत होती. आणि नाजूक तब्येतीसाठी आता मी होते.

मला कँटीनशेजारची खोली मिळाली. एका भिंतीतून फोडणीचा वास यायचा आणि दुसऱ्या भिंतीतून पत्रा दाबणाऱ्या प्रेसचे हादरे. जेवणाच्या सुट्टीत पोरं रांगेने यायची, डाळ-भात घशाखाली ढकलून माझ्या बाकावर पडायची, भोंगा झाला की उठून पळायची. एकेकाला नीट तपासायला वेळ लागतो. मान कुठे दुखते, कळ कुठपर्यंत जाते, हातात जोर आहे का, बोटांना स्पर्श कळतो का. तेवढ्या वेळात चार जणांना मशीन लावून होतं. मी चार जणांना लावायला शिकले. सबनीससाहेब मीटिंगमध्ये माझं उदाहरण द्यायला लागले.

मग त्यांनी विचारलं, "खिशात मावणारं मशीन असतं ना हो? बॅटरीवरचं? म्हणजे सुट्टीची वाट बघायला नको. शर्टाच्या आत लावायचं आणि काम करत राहायचं."

त्या मशीनबरोबर जी पुस्तिका येते, तिच्यात सुरुवातीलाच बजावलेलं असतं की यंत्रावर काम करताना किंवा गाडी चालवताना हे अंगावर लावू नये. मी ती वाचलेली होती. सबनीससाहेबांनाही वाचून दाखवता आली असती.

"कमी सेटिंगवर चालेल," मी म्हणाले.

मशीनं आली ती नेमकी दसऱ्याच्या तोंडावर. आमच्या पट्ट्यात खंडेनवमीला प्रत्येक कंपनीत यंत्रांची पूजा होते. प्रेसला झेंडूचे हार, लेथला हळदकुंकू, फोर्कलिफ्टच्या चाकाखाली लिंबू. त्या वर्षी प्रेसपुढच्या पाटावर माझी खिशातली मशीनंही मांडली होती. प्रत्येकावर कुंकवाचं बोट. एकाचं बटण कुंकू जाऊन कायमचं अडकलं. शकुन म्हणून तेवढा पुरेसा होता, पण मी विज्ञानाची पदवीधर.

प्रसाद वाटताना मेंटेनन्सचे शितोळे माझ्याजवळ आले. प्रेसमध्ये हात गेला तर ती आपोआप थांबावी म्हणून तिला सेन्सर असतो. त्यावर धूळ बसली तरी तो उगाच प्रेस बंद पाडतो. साफसफाईला वेळ नसला की तारेचा छोटा तुकडा मध्ये जोडून देतात, म्हणजे सेन्सर काही म्हणो, प्रेसला वाटतं सगळं ठीक आहे. याला जंपर मारणं म्हणतात. नियमाने बंदी, रिवाजाने चालू. शितोळे या कलेतले उस्ताद.

पेढा माझ्या हातावर ठेवत ते मोठ्याने म्हणाले, "मॅडम आपल्याच डिपार्टमेंटच्या हां! आपण मशीनला जंपर मारतो, मॅडम माणसाला!"

सगळे हसले. मीही हसले. खरं तर मला मान मिळाल्यासारखं वाटलं. इतक्या महिन्यांत त्या कारखान्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला आपली म्हटलं होतं.

त्या हसणाऱ्यांत बालाजी होता. लातूर जिल्ह्यातला, महाळुंग्याला एका खोलीत गाववाल्यांबरोबर राहायचा. हवेच्या गनने बोल्ट आवळायचं काम. सांगाडा डोक्याच्या वर, मान मागे टाकलेली, हात वर, शिफ्टभर. शिकाऊ म्हणून लागला होता आणि शिकणं काही केल्या संपत नव्हतं. कंपनी अधूनमधून एक यादी लावायची. त्यात नाव आलं की माणूस कायम. कायम म्हणजे उद्याही नोकरी असणार, घर करता येणार. बालाजीचं सगळं त्या यादीवर टांगलेलं होतं. नाव आलं की बायको सुरेखाला आणि पोरीला गावाहून आणायचं, पोरीला इथल्या शाळेत घालायचं. यादीची एकच अट सगळ्यांना तोंडपाठ होती. रजा घेणाऱ्याचं नाव येत नाही. तसं लिहिलेलं कुठेच नव्हतं. लिहिलेलं असतं तर कुणी भांडलं तरी असतं.

तो पहिल्यांदा आला तेव्हा मी त्याला नीट तपासलं होतं. मानेतून निघालेली कळ उजव्या हाताच्या आतल्या बाजूने करंगळीपर्यंत जात होती. मानेतली चकती सरकून नस दाबत असावी. मी म्हणाले, "बालाजी, काही दिवस हे काम बंद. मानेचा फोटो काढून घे."

तो इतका गोड हसला, जणू मी त्याला काश्मीरला जाऊन ये म्हटलं.

"सुट्टी न्हाई जमायची, मॅडम. कळ तेवढी बंद करा. रात्री झोप न्हाई, अन् गन धरली की वीज चमकायलीय हातात."

"मशीनने कळ थांबेल. बिघाड नाही थांबणार."

"बिघाडाचं बघू की मागून. तो कुठं जायलाय?"

त्याच्या शर्टाखाली मानेला आणि दंडाला पट्ट्या बसल्या. गुण आला. हाच मशीनचा दोष, की ते काम करतं. बालाजी हसत यायचा, बॅटरी बदलून घ्यायचा, हसत जायचा. दिवस गेले, महिने गेले. मी त्याला पुन्हा तपासलं नाही. दुखत नाही म्हणतोय, मग काय तपासायचं? रांगेत मागे तिघे उभे असायचे.

यादी गुढीपाडव्यानंतर लागणार अशी कुणकुण होती त्या दिवसांतली गोष्ट. बालाजी कँटीनचा चहा घेऊन माझ्या खोलीत आला. बोलता बोलता स्टीलचा ग्लास त्याच्या हातातून सुटला. धक्का नाही, घसरणं नाही, आपोआप सुटला. तो जमिनीवरच्या ग्लासाकडे बघत राहिला, जणू दुसऱ्याच कुणाचा ग्लास पडलाय. मग त्याने माझ्याकडे बघितलं.

मी दोन बोटं पुढे केली. "दाब."

तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"दाब ना, बालाजी. जोरात."

"दाबलंय की, मॅडम."

माझ्या बोटांना त्याचा हात नुसता टेकलेला वाटत होता.

बाहेरच्या माणसाला समजावं म्हणून सांगते. दुखतंय म्हणजे नस ओरडतेय. ओरडते तोवर ती जिवंत आहे. ओरडणं आपण बंद केलं आणि आता हातातला जोरही चालला, तर मग एक दिवसही थांबायचं नसतं. सरळ सर्जनकडे. हे पुस्तकात आहे, परीक्षेत मी लिहिलेलं आहे, त्याचे मार्क मिळालेले आहेत.

बालाजीने खाली बसून डाव्या हाताने ग्लास उचलला. म्हणाला, "यादी लागायलीय मॅडम. तेवढं धकवा."

मी काय म्हणाले ते लिहायला इतकी वर्षं गेली. मी म्हणाले, "बटण थोडं वाढवून देते."

त्याने गळ घातली म्हणून, असं मी स्वतःला सांगत आले. ते खरं आहे. माझाही करार त्याच महिन्यात नव्याने व्हायचा होता, आणि माझ्यामुळे रजा कमी झाल्या असं सबनीससाहेब सगळ्यांना सांगत होते, हेही तितकंच खरं आहे. पहिलं कारण मी मनातल्या मनात पुष्कळदा म्हटलंय. दुसरं आज पहिल्यांदा म्हणतेय.

कायम करण्याआधी तपासणी असते. कंपनीचे डॉक्टर सह्या करायला यायचे. बालाजीच्या वेळी मान वर न करता त्यांनी मला विचारलं, "हा ठीक ना?"

"मानेचा जुना त्रास आहे, ट्रीटमेंट चालू आहे," मी म्हणाले. एक अक्षर खोटं नाही. वकिलाकडून लिहून घेतलं असतं तरी याहून चांगलं जमलं नसतं.

यादी लागली. बालाजीचं नाव होतं. कारखान्यात शिकाऊ पोरांना टी-शर्ट असतो आणि कायम माणसाला बटणांचा, कंपनीचं चिन्ह शिवलेला शर्ट. तो घालून ओळखपत्राचा फोटो काढायचा. त्या सकाळी बालाजी माझ्या खोलीत आला तो नवाकोरा शर्ट पुढून उघडा धरून.

"मॅडम, बटणं तेवढी लावून द्या. फोटोवाला थांबलाय."

"काय झालं?"

"न्हाई लागायलीत."

मी दार लोटलं आणि खालून एकेक बटण लावत वर आले. नवीन शर्टाची काजं घट्ट असतात, मलाही जोर लावावा लागत होता. गळ्याशी पोचले तेव्हा तो लाजून म्हणाला, "लग्नात बी कुणी लावून दिली नव्हती." मानेला माझ्याच मशीनची पट्टी होती. फोटोत दिसू नये म्हणून मी कॉलर वर ओढून दिली.

फोटो झाल्यावर, पत्र हातात पडल्यावर, मी त्याला म्हणाले, आता आजच्या आज दवाखान्यात. शूरपणाला मुहूर्त असतो, माझा तो होता.

ऑपरेशन झालं. सर्जनने विचारलं, "इतके दिवस काय करत होतात?"

"करंट घेत होतो," बालाजी म्हणाला.

सर्जनने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

कळ गेली. जोर पुरता आला नाही. उजव्या हाताने तो जेवतो, सही करतो, पण बरणीचं झाकण फिरवता येत नाही. कायम माणसाला काढता येत नाही, म्हणून कंपनीने त्याला गेटवर हलकं काम दिलं. आत जाणाऱ्यांना कानात घालायचे बोळे वाटायचे. बसायची जागा त्या फलकाच्या बरोबर खाली. अपघाताशिवायच्या दिवसांचा आकडा त्याच्या डोक्यावर रोज वाढत राहिला, कारण त्या फलकाच्या हिशोबाने काही घडलंच नव्हतं.

मी राजीनामा दिला, असं इथे लिहायला मला फार आवडलं असतं. कंपनीला माझ्याहून स्वस्तात दुखणं गप्प करणारा स्प्रे मिळाला आणि माझा करार संपला. निरोपाला शाल दिली. शितोळे म्हणाले, "डिपार्टमेंट पोरकं झालं, मॅडम."

दापोडीत आता माझा एक नियम आहे. कंबर असो, मान असो, आधी माझी बोटं दाबायची, पाय वर उचलून दाखवायचा, मगच पट्ट्या. अण्णा वैतागतात. "कंबर दुकती आन् हात काय दाबाय लावताय? लगीन जुळवायचंय व्हय?" त्यांना गुरुवारचं खरंही सांगून टाकलं. त्यांनी विश्वास ठेवला नाही. म्हणाले, "सेटिंग लपवू नका."

बालाजी दर दिवाळीला फराळ घेऊन येतो. बरोबर सुरेखा, आणि आता बरीच उंच झालेली पोरगी. सुरेखा दरवेळी म्हणते, "तुमच्यामुळं आमचं बस्तान बसलं, मॅडम." आणि मी दरवेळी करंजी तोंडात घालते, म्हणजे बोलावं लागत नाही.

गेल्या दिवाळीत सुरेखा पोरीला घेऊन शेजारच्या दुकानात गेली होती. आम्ही दोघेच होतो. मी करंजी खाली ठेवली.

"बालाजी, तुझा ग्लास पडला ना, त्याच दिवशी मला कळलं होतं. तुला तिथल्या तिथे पाठवायला हवं होतं. हात वाचला असता. कदाचित."

तो डब्याच्या झाकणाशी खेळत राहिला. म्हणाला, "मला बी कळालं होतं."

"काय?"

"की हात चाललाय म्हणून. त्याच्या आधीच कळालं होतं. गन सुटायली होती दोनदा." मग जरा हसून, दुसऱ्याची चहाडी सांगावी तसं हळूच म्हणाला, "बाहेर कुठं गेलो असतो तर सुट्टी लिहून दिली असती की हो. पोरं म्हणायची, करंटवाल्या मॅडमकडं जा. त्या अडवत न्हाईत."

मी शिक्षेची तयारी करून बसले होते. हे शिफारसपत्र निघालं.

तेवढ्यात सुरेखा आत आली. बालाजीच्या शर्टाला बटणांच्या जागी तिने टिचबटणं शिवली आहेत हे मला तेव्हा दिसलं. ती खुर्चीत टेकली, मान चोळत म्हणाली, "मॅडम, मी बी लागलेय आता कंपनीत, पॅकिंगला. मान लय आखडायलीय. ते यांचं मशीन मला लावता का जरा? उद्या शिफ्ट हाय."

बालाजीचा झाकणावरचा हात थांबला. तो माझ्याकडे बघत होता.

मी मशीनचं कपाट उघडलं नाही. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले आणि दोन बोटं पुढे केली.

"आधी हे दाब."

तिने नवऱ्याकडे बघितलं, मग दाबलं. माझी बोटं चांगलीच कळवळली.

मी म्हणाले, "अजून."